हलबचे बियाणे

मोहरमच्या खिचड्याची डेग चढते तेव्हा तिच्यात काय काय पडते ते आठवून पाहा. गहू, जव, मसूर, हरभऱ्याची डाळ. गोश्त आणि मसाला घराघराप्रमाणे बदलतो, पण हे चार दाणे बहुतेक ठिकाणी असतातच. या चौघांचे माहेर एकच आहे. पॅलेस्टाईन, लेबनान, सीरिया, दक्षिण तुर्कस्तान आणि इराक असा जो चंद्रकोरीच्या आकाराचा सुपीक पट्टा आहे, त्यात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने ही पिके घ्यायला सुरुवात केली.

रानगव्हाची ओंबी पिकली की आपोआप तुटते आणि दाणे जमिनीवर विखुरतात. रोपाच्या दृष्टीने हे सोयीचेच, पण कापणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अधूनमधून एखाद्या रोपाची ओंबी न तुटता तशीच उभी राही. गोळा करणाऱ्यांच्या पाटीत अशाच ओंब्या जास्त येत आणि पुढच्या हंगामात त्यांचेच दाणे पेरले जात. कित्येक पिढ्या हे चालले आणि अखेर मळल्याशिवाय ओंबीतून सुटणार नाही असा गहू तयार झाला. निवडणे-पाखडणे आपल्याकडे आजही बहुधा बायकांच्याच हाती असते. तेव्हाही तसेच असावे, असे मला वाटते.

दाणा तोच. खाल्ला तर धान्य, राखला तर बियाणे. सूरह यूसुफमध्ये मिसरच्या बादशहाच्या स्वप्नाचा उलगडा करताना हजरत यूसुफ (अ.) यांनी दिलेला सल्ला आपल्याला ठाऊक आहे. सात वर्षे पेरत राहा आणि खाण्यापुरते काढून बाकीचे ओंबीतच राहू द्या. ओंबीत दाण्यावर टरफल असते, त्यामुळे तो अधिक सुरक्षित राहतो. पण त्यापुढची गोष्ट सहसा लक्षात राहत नाही. दुष्काळाची सात वर्षे सगळा साठा खाऊन टाकतील, तरीही थोडासा भाग जपून ठेवलेला असेल, असे तिथे सांगितले आहे. घरोघरी उपासमार असताना हा थोडासा भाग कशासाठी? बैजावींसारख्या मुफस्सिरांनी त्याचा खुलासा केला आहे: पेरणीच्या बियाण्यासाठी.

हे किती कठीण असते, ते रशियातील लेनिनग्राड शहराने पाहिले. निकोलाय वाविलोव्ह या शास्त्रज्ञाने अफगाणिस्तान, सीरिया, इथिओपिया असे देश पालथे घालून तिथल्या संस्थेत बियाण्यांचा प्रचंड संग्रह उभा केला होता. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला, तो जानेवारी १९४४ मध्ये उठला. शहरात लाखो माणसे भुकेने मेली. संस्थेतील काही शास्त्रज्ञही मेले. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह यांना मृत्यू आला तेव्हा त्यांच्या ताब्यात भाताची हजारो पाकिटे शाबूत होती. खुद्द वाविलोव्ह तोवर स्टालिनच्या कैदेत होते आणि १९४३ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

आता हलबकडे येऊ. सीरियातील या शहराला इंग्रजी वर्तमानपत्रे अलेप्पो म्हणतात. शहराच्या दक्षिणेला साधारण ३० किलोमीटरवर तल हदिया येथे इकार्डा ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था होती. कोरडवाहू मुलखातील शेतीसाठी ती १९७७ मध्ये स्थापन झाली. तिच्या बियाणे पेढीत सुमारे दीड लाख नमुने जमले होते. गहू, जव, मसूर, हरभरा, चाऱ्याची पिके आणि त्यांचे रानटी भाऊबंद. खेड्यापाड्यातील शेतकऱ्यांच्या कोठारातून आणि डोंगरकपारीतून वेचून आणलेले हे मूठ-मूठ दाणे. त्यांतले अनेक वाण आता कुठल्याच शेतात पेरले जात नाहीत.

अशा जुन्या दाण्यांचा उपयोग काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्पन्नात ते नव्या वाणांच्या जवळपासही येत नाहीत. पण एखादा तांबेऱ्याला दाद देत नाही, एखादा एका पावसावर तग धरतो. सीरियाच्या कोरड्या भागातील एका रानटी गवताशी डुरम गव्हाचा संकर करून इकार्डाच्या शास्त्रज्ञांनी अवर्षणात टिकणारा वाण काढला. मोरोक्कोच्या शेतकऱ्यांनी त्याचे नाव ठेवले ‘जबल’, म्हणजे डोंगर. आपल्या विदर्भात जिला लाखोळी म्हणतात, त्या डाळीचेही नमुने या संग्रहात आहेत. लाखोळी पाणी नसतानाही पिकते, पण तिच्यात एक विषारी द्रव्य असते. दुष्काळात महिनोन्महिने तीच खावी लागली की पाय लुळे पडतात. हे द्रव्य अगदी कमी असलेले वाण तयार करण्याच्या कामात इकार्डाने बरीच वर्षे घातली आहेत.

शेजारच्या देशांत काय घडते ते हलबची माणसे पाहत होती. अफगाणिस्तानात लढाईपासून वाचवण्यासाठी बियाण्यांचा संग्रह गझनी आणि जलालाबाद येथील घरांत लपवला होता. २००२ मध्ये कळले की लुटारूंनी बरण्या नेल्या आणि बियाणे जमिनीवर ओतून टाकले. त्यांना प्लॅस्टिकच्या बरण्याच हव्या होत्या! इराकची बियाणे पेढी अबू गरीबला होती. आज त्या गावाचे नाव केवळ तुरुंगामुळे आठवते. तीही २००३ च्या युद्धात लुटली गेली, मात्र तिथल्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्येच काही निवडक बियाणे पेटीत भरून हलबला पाठवले होते.

पुढे हलबवरही तीच वेळ आली. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, डोंगराच्या पोटात २००८ मध्ये जगभरच्या बियाण्यांसाठी एक तिजोरी उघडली होती. तिथे बर्फाळ डोंगर आणि यंत्रे मिळून उणे १८ अंश तापमान राखतात. नियम साधा आहे. पेटी ज्याने ठेवली त्याचीच, आणि ती काढण्याचा अधिकारही फक्त त्यालाच. अमानत म्हणतात ती हीच. हलबच्या संस्थेने सुरुवातीपासून तिथे पेट्या पाठवायला घेतले. २०१२ मध्ये लढाई हलबपर्यंत आली. परदेशी कर्मचारी बाहेर पडले, पण स्थानिक सीरियन कर्मचाऱ्यांनी त्यानंतरही शीतगृह चालू ठेवले आणि जमेल तितके नमुने देशाबाहेर काढले. संग्रहाचा फार मोठा हिस्सा असा वाचला.

सप्टेंबर २०१५ मध्ये इकार्डाने स्वालबार्डहून आपल्या पेट्या परत मागितल्या. त्या तिजोरीतून कुणी काही काढून घेण्याची ही पहिलीच वेळ होती. १२८ पेट्यांत सुमारे ३८ हजार नमुने आले. ते लेबनानच्या बेका खोऱ्यात आणि मोरोक्कोत पेरले गेले, वाढवले गेले, आणि २०१७ मध्ये नव्या पिकातील ताज्या दाण्यांच्या पेट्या पुन्हा स्वालबार्डला पोचल्या.

पेट्या तिथेच राहू दिल्या असत्या तर बिघडले काय असते? बी म्हणजे दगड नव्हे. वाळवलेल्या, गोठवलेल्या दाण्याचाही जीव हळूहळू उणावत जातो. आधी उगवण कमी होते, मग ती थांबते. म्हणून काही वर्षांनी त्याला मातीत घालावेच लागते. शिवाय तिजोरीत असते ती मूठभर प्रत. संशोधकांना आणि शेतकऱ्यांना बियाणे द्यायचे तर ते शेतातच वाढवायला हवे.

मला या सगळ्या कहाणीत ती तिजोरी तितकीशी मोठी वाटत नाही. मोठी वाटतात ती ज्यांची नावेही आपल्याला माहीत नाहीत अशी तल हदियातील माणसे. आपल्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे त्याच जातकुळीच्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी वाल, घेवडा, भात अशा पिकांचे गावठी वाण घरात जमवून शेतकऱ्यांना वाटले. सरकारने त्यांना पद्मश्री दिली. अशा घरांत मडके, राख आणि कडुनिंबाचा पाला हीच सामग्री असते.

आता मात्र बियाणे म्हणजे दुकानातील पिशवी, हे समीकरण पक्के झाले आहे. कपाशीला ते बरेचसे लागू पडते. संकरित बियाण्याचे पीक दुसऱ्या वर्षी एकसारखे येत नाही, ते दर साल विकतच आणावे लागते. पण सोयाबीन, गहू, हरभरा यांचे सरळ वाण असतात आणि घरचे बियाणे पेरता येते. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षित वाण ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

घरात सोयाबीन राखले असेल तर पेरणीपूर्वी एवढे करा. पोत्यातून वरचे, मधले, खालचे असे सरसकट १०० दाणे घ्या, फुटके वगळू नका. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. ७० किंवा अधिक निघाले तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरा. थोडे कमी भरले तर एकरी बियाणे त्या हिशेबाने वाढवा, आणि फारच कमी असतील तर ते पोते बाजारात न्या.