थोड्या मापांतून रेडिओलहरींचा शोध

सावरगावच्या परिसरात संत्री कोणास ठाऊक नाहीत? समजा, संत्र्यांच्या नऊ टोपल्या आहेत. आठ समान वजनाच्या, एक हलकी. ती ओळखण्यास प्रत्येक टोपली तोलावी काय? नाही. तागडीच्या दोन्ही पारड्यांत तीन-तीन ठेवाव्या. जे पारडे वर जाईल त्यात ती असणार. तागडी सम राहिल्यास उरलेल्या तिघींत. मग त्या तिघींपैकी दोन समोरासमोर तोलल्या, की दोनच वजनांत उत्तर मिळते. हलकी टोपली एकच आहे, हे आधी माहीत असल्यानेच हे साधते.

सीमेवरील पहारेकऱ्यापुढे असाच प्रश्न असतो. परके केंद्र कोणत्या लहरीवर बोलेल हे ठाऊक नसल्याने त्यास लहरींचा सबंध पट्टा ऐकावा लागतो. नियम असा, की पट्ट्याच्या रुंदीच्या निदान दुप्पट नमुने दर सेकंदास घ्यावे. म्हणजे ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यास सेकंदाला ८० कोटी! परंतु एका वेळी बोलणारी केंद्रे पुष्कळदा मोजकीच असतात. अशा विरळ संदेशास थोडी मापे पुरतात, हे कँडेस, टाओ, डोनोहो आदी गणितज्ञांनी २००६ च्या सुमारास दाखविले. ह्या रीतीस 'कॉम्प्रेसिव्ह सेन्सिंग' म्हणतात. येणाऱ्या लहरीस अधिक-उणे चिन्हांच्या वेगवान, अनियमित मालिकांनी गुणतात. त्यायोगे टोपल्या एकत्र तोलाव्या तसा सर्व पट्टा एका अरुंद पट्ट्यात मिसळतो व मंदगती यंत्रासही टिपता येतो. ती मापे कोणत्या मोजक्या केंद्रांमुळे आली, हे मग गणकयंत्र शोधते.

ह्या विचाराचे जुने भावंड खगोलशास्त्रात आढळते. पुणे जिल्ह्यात खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने जी.एम.आर.टी. ही रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात विखुरल्या आहेत. मधली जागा रिकामीच. तबकड्यांच्या ४३५ जोड्या आकाशाची अपुरी मापे देतात. आकाशात तेजस्वी बिंदू थोडे व बाकी अंधार, असे गृहीत धरून त्यांतून चित्र रचण्याची रीत हॉग्बॉम ह्यांनी १९७४ साली मांडली.

मात्र गृहीत खोटे निघाल्यास काय? दोन टोपल्या हलक्या असून प्रत्येक पारड्यात एकेक पडली, तर तागडी सम राहील आणि आपण निर्दोष टोपल्यांत दोष शोधीत बसू. पट्ट्यात केंद्रांची दाटी झाली तर तसेच होते : नसलेले केंद्र भासते, असलेले निसटते. म्हणून विद्यार्थिमित्रहो, आम्ही एवढेच सांगतो की थोडे मोजणाऱ्याने आपले गृहीत अधिक कसोशीने तपासावे.