सेंद्रिय रेड वाइन: बाटलीपेक्षा बाग आधी बघा

वर्धा जिल्ह्यात सुमारे पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे. गांधीजी 1936 मध्ये शेगावात राहायला आले, त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं. त्या वारशाचा मान म्हणून ही बंदी आली आणि ती मला योग्यच वाटते. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही दारूबंदीचे जिल्हे वगळले होते. पण सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला 'सेंद्रिय' शब्दाची पारख आहे. ती पारख वाइनलाही लावून बघण्यासारखी आहे.

रंग सालीत असतो

लाल वाइनच्या द्राक्षाचा रस बहुतेक वेळा पांढुरकाच असतो. द्राक्षं चिरडून साल-बियांसकट आंबवली की रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. आंबताना निघणारा वायू साली वर ढकलतो आणि टाकीत त्यांचा जाड थर तरंगतो. तो थर दिवसातून दोन-तीनदा दांड्याने खाली दाबतात किंवा खालचा रस पंपाने त्यावर सोडतात. थर कोरडा पडला तर वाइन आंबट व्हिनेगरकडे झुकते. रंग आणि तुरटपणा साल-बियांतून येतो, म्हणूनच वाइनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. आपण खातो त्या थॉमसन सीडलेसचं इथे काम नाही.

दोन जाती एकत्र का?

एकाच जातीत सगळे गुण क्वचितच जमतात. कॅबरने सोव्हिन्यॉनमध्ये तुरटपणा आणि टिकाऊपणा असतो, मर्लो मऊपणा आणते. फ्रान्सच्या बोर्दो भागात हे मिश्रण पूर्वापार चालत आलं आहे. आपल्याकडचं ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजचं. दिल्लीचे सेखरी, इटलीचे सेक्की आणि अकलूजचे मोहिते-पाटील या तीन घरांतल्या भावंडांनी 'फ्रातेल्ली' उभी केली. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. वाइन घडवणारे पिएरो मासी धरून सात जण, म्हणून त्यांच्या एका मिश्रणाचं नाव 'सेत्ते', म्हणजे सात. त्यात सांजोवेझे जातीचा आंबटपणा आणि कॅबरनेचा भक्कमपणा एकत्र येतो. हे उदाहरण फक्त मिश्रणापुरतं, सेंद्रियपणाचं नव्हे.

सेंद्रिय बाग: खरी परीक्षा

महाराष्ट्रात वेलीची छाटणी दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी. परतीचा पाऊस लांबला की कोवळ्या पानांवर केवडा रोग येतो, थंडीत भुरी. रासायनिक बागेत त्यावर फवारण्यांची रांग लागते. सेंद्रिय बागेत मुख्य आधार गंधक आणि बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुना. 1885 च्या सुमारास बोर्दोत केवड्यावर ते उपयोगी ठरलं आणि तेव्हापासून जगभर चालतं.

मात्र तांबं जमिनीत साठतं आणि गांडुळांना घातक ठरतं. म्हणून युरोपात सात वर्षांत हेक्टरी 28 किलोपेक्षा जास्त तांबं वापरता येत नाही. सेंद्रिय म्हणजे 'काहीच फवारलं नाही' असं कुणी सांगितलं, तर मोरचुदाचा हिशेब विचारावा. कपाशीपेक्षा एक फरक म्हणजे वेल बहुवर्षायू पीक असल्याने रूपांतराचा काळ साधारण तीन वर्षांचा धरतात. तोवर खर्च सेंद्रिय शेतीचा आणि भाव साध्या द्राक्षाचा. कुटुंबाच्या मालकीची बाग इथे टिकते, कारण जमीन पुढच्या पिढीला द्यायची असते.

तळघरातला नियम वेगळा

द्राक्षं सेंद्रिय असली म्हणजे वाइन सेंद्रिय झाली असं नाही. वाइन टिकावी म्हणून सल्फाइट घालतात. युरोपात 2012 पासून सेंद्रिय वाइनला वेगळे नियम आहेत. कोरड्या लाल वाइनमध्ये लिटरला जास्तीत जास्त 100 मिलिग्रॅम सल्फाइट चालतं, साध्या वाइनला 150. अमेरिकेत 'सेंद्रिय वाइन' म्हणायला वरून सल्फाइट घालताच येत नाही. घातलं तर 'सेंद्रिय द्राक्षांपासून' एवढंच लिहिता येतं.

भारतात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 2001 पासून आहे आणि सेंद्रिय खाद्यपदार्थांचे नियम 2017 चे. बाटलीवर 'जैविक भारत' चिन्ह आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं नाव शोधावं. 'नैसर्गिक' किंवा 'मातीशी नातं' असल्या शब्दांमागे प्रमाणपत्र असेलच असं नाही.

आणि आरोग्य?

सेंद्रिय वाइनमध्येही बारा ते चौदा टक्के अल्कोहोल असतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मद्यपेयांना 1988 मध्येच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. प्रमाणपत्र शेताची काळजी सांगतं, पिणाऱ्याच्या यकृताची नाही.