शोधणाऱ्याच्या शब्दांत कृषी सल्ला

मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये कर्नाटकात झाली आणि अल्पावधीतच ही कीड अनेक राज्यांत पसरली. अशा वेळी शेतकरी मोबाईलवर ‘स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा’ असे शोधत नाही. तो ‘मक्याच्या पोंग्यातील अळी’ असे विचारतो. संस्थेच्या पानावर केवळ शास्त्रीय नाव असेल, तर ते पान मागे पडते आणि कीटकनाशक विकणाऱ्याचे पान पुढे येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे संकेतस्थळाचे शोधयंत्रातील स्थान हा प्रसिद्धीचा नव्हे, तर कृषी विस्तारकार्याचा विषय ठरतो.

शोधयंत्र पानांतील मजकूर वाचून त्याची सूची करते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधील मराठी मजकूर संगणकाला निरर्थक अक्षरांची रांग वाटतो. छापील पुस्तिकेची स्कॅन केलेली प्रतही खात्रीने वाचली जात नाही. अनेक संस्थांची मौलिक माहिती याच दोन रूपांत अडकलेली आहे. ती युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या पानावर आणणे ही पहिली पायरी होय.

दुसरी पायरी मांडणीची. एका पानावर एकच विषय असावा. ‘सल्ला क्रमांक ७’ या मथळ्यापेक्षा ‘मक्यावरील लष्करी अळी : ओळख व नियंत्रण’ हा मथळा वाचकाला आणि शोधयंत्राला अधिक सांगतो. शास्त्रीय नावासोबत बोलीतील नावेही मजकुरात सहजपणे यावीत; मात्र तेच शब्द वारंवार कोंबल्यास स्थान सुधारण्याऐवजी घसरते. छायाचित्राला ‘डोक्यावर उलट्या ‘वाय’ची खूण असलेली अळी’ असे वर्णन जोडावे. गूगल पानाच्या मोबाईलवरील रूपाचीच प्राधान्याने नोंद घेते, म्हणून पान हलके व जलद उघडणारे असावे.

तिसरी बाब विश्वासाची. १९९८ मध्ये गूगलच्या संस्थापकांनी मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत इतर पानांवरून येणाऱ्या दुव्यांना महत्त्व होते. आजही दुवे हा एक निकष आहे. कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांनी परस्परांच्या उपयुक्त पानांना दुवे दिल्यास वाचकाची सोय होते आणि सर्वांचीच पाने वर येण्यास मदत होते. विकत घेतलेले दुवे मात्र नियमबाह्य ठरतात. संकेतस्थळाची पुनर्रचना करताना जुना पत्ता नव्या पत्त्याकडे कायमस्वरूपी वळवला नाही, तर वर्षानुवर्षे मिळवलेले स्थान गमावले जाते.

‘सर्च कन्सोल’ या गूगलच्या विनामूल्य साधनातून लोक कोणते शब्द शोधून पानापर्यंत पोहोचले, हे कळते. त्या शब्दांतून शेतकऱ्यांच्या निकडीचे प्रश्न समजतात व पुढील लेखनाची दिशा ठरवता येते.

तथापि वर आलेले पान कालबाह्य असेल, तर ते अधिक घातक ठरते. बंदी आलेल्या कीटकनाशकाची शिफारस पहिल्या क्रमांकावर दिसण्यापेक्षा न दिसलेली बरी. म्हणूनच प्रत्येक सल्ल्यावर अद्ययावत केल्याची तारीख असावी आणि प्रत्येक हंगामापूर्वी त्याची तपासणी व्हावी.