ठोसा चुकवायचा तर बघायचं कुठे?

जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, सुटल्यापासून चेहऱ्यावर पोचायला बऱ्याचदा सेकंदाचा पाचवा हिस्साही लागत नाही. दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करायलाच माणसाला साधारण तेवढा, म्हणजे २०० मिलिसेकंद, वेळ लागतो. ठोसा बघून चुकवणं गणितातच बसत नाही! म्हणून मुरलेला बॉक्सर मुठीकडे बघत बसत नाही. त्याची नजर छाती-खांद्यांवर असते. खांदा किंचित हलला, वजन पुढच्या पायावर आलं, की त्याला सुगावा लागतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल गावात, पोलीस ठाण्याच्या वरच्या मजल्यावर, प्रशिक्षक कस डमाटो यांनी माइक टायसनला घडवलं. चुकवण्याचा सराव असा: दोरीला टांगलेली छोटी पिशवी झुलत नाकाशी आली की गुडघे वाकवून डोकं बाजूला, लगेच परत जागेवर. १९८६ मध्ये, वयाच्या २०व्या वर्षी, टायसन हेवीवेट विजेता झाला.

नवशिके कमरेतून वाकतात आणि फसतात. तोल जातो, नजर जमिनीला लागते. किकबॉक्सिंगमध्ये तर समोरून गुडघाच येतो. डोकं जेमतेम चार बोटं सरकलं तरी पुरतं. जास्त सरकवणं ही माझ्या मते निव्वळ हौस.

पावलांचा नियम सोपा: ज्या दिशेला जायचं, त्या बाजूचा पाय आधी. पायांची कात्री झाली की हलका धक्काही आडवा करतो. पावलं सुधारावीत म्हणूनच युक्रेनी बॉक्सर वासिल लोमाचेंकोला वडिलांनी लहानपणी बॉक्सिंग थांबवून युक्रेनी लोकनृत्य शिकायला लावलं होतं. पुढे त्याने २००८ आणि २०१२ मध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. नृत्यवर्ग नसेल तर जोडीदाराला फक्त संथ जॅब मारायला सांगा, आणि हात पाठीमागे बांधून चुकवत राहा.