कासवाच्या कुंपणाला छप्पर कशासाठी?

अंबरनाथच्या एका मैत्रिणीने विचारलं, "अंगणात कासवासाठी झाकलेलं कुंपण कसं बांधू?" आधी कायदा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. घरी ठेवणं गुन्हा. सापडलं तर वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. कुंपण बांधायचं ते बचाव केंद्रात.

आता 'झाकलेलं' म्हणजे काय? कावळे, मांजर, मुंगूस अडवायला जाळी पुरते. पावसाला पत्रा लागतो. हे कासव कोरड्या माळरानातलं, बदलापूरचा जुलै त्याला सोसत नाही. सतत ओलं राहिलं की छाती भरते. मग सगळंच पारदर्शक पॉलीकार्बोनेटने झाकावं? इथेच फसायला होतं. उजेड येतो, पण अतिनील-बी किरण अडतात. त्यांच्याशिवाय ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडतं. म्हणून अर्धी जाळी, अर्धा पत्रा, आणि पत्र्याखालची जमीन चार बोटं उंच.

समजा, कासवं दिवसभर पत्र्याखालीच बसली. का? पाऊस नको, ऊन नको, की नुसता आडोसा हवा? एका पत्र्यात तिन्ही कारणं गुंतलीत, त्यामुळे तुमच्या नोंदीतून उत्तर निघणार नाही. एका कोपऱ्यावर शेडनेट टाका: सावली मिळते, पाऊस गळतो. दुसऱ्यावर पारदर्शक शीट: पाऊस अडतो, ऊन येतं. मग मोजा.

थर्मामीटर जमिनीलगत, कासवाच्या उंचीवर ठेवा हं. मी तो माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर टांगला होता. महिनाभराच्या नोंदी फुकट गेल्या.