साग, काच आणि शिवराई

पारोळ्याच्या जुन्या वस्तीत एखादं धाब्याचं घर पाडायला घेतलं की दोन गोष्टी बाहेर पडतात. एक, पिढ्यान्‌पिढ्या मातीचं छत तोलून धरलेले सागाचे खांब नि तुळया. दुसरी, फडताळातल्या नि देवळीतल्या बारीकसारीक वस्तू. शिवराया म्हणजे तांब्याची जुनी नाणी, एखादा चांदवडी रुपया, अडकित्ता, चुनाळं, पितळी दौत, पावशेर-अधपावाची मापं. नेवाळकरांच्या जहागिरीचं, भुईकोट किल्ल्याभोवती वाढलेलं हे पेठेचं गाव; अशा वस्तू इथे घरोघरी असायच्याच. आता लाकूड वखारीत जातं आणि वस्तू मोडीत. माझं म्हणणं एवढंच, की या दोहोंची गाठ घालून द्यावी. त्याच लाकडाचं काचेचं कपाट करावं आणि त्या वस्तू त्यात ठेवाव्यात.

अशा वस्तूंचं मोल काय, हे पुण्यात दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) दाखवून दिलं. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून, पत्नी कमलाबाईंच्या साथीनं त्यांनी अडकित्ते, फण्या, वज्र्या, दौती, दिवे गोळा केले. अकाली गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि हजारो वस्तूंचा तो ठेवा १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आपल्या शेजारी धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं; त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांना घर मिळालं. माणसाच्या माघारी संग्रह टिकतो, तो त्याला जागा मिळाली तरच.

घरच्या संग्रहाची जागा म्हणजे कपाट, आणि ते सुताराच्या हातचं असावं. जुन्या तुळईसारखं लाकूड नाही. ती पुरती वाळलेली, पीळ-बाक काय यायचा तो येऊन गेलेली असते. कापण्याआधी तिच्यावरून लोहचुंबक फिरवायचं. आत दडलेला एक खिळा करवतीचे दात आणि रंध्याचं पातं घालवतो. बाहेरचा फिकट भाग काढून टाकायचा, कारण भुंगा आणि वाळवी आधी तिथेच लागते. उरतो तो तपकिरी, तेलकट गाभा.

तरीही लाकूड स्वस्थ बसत नाही. खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि जुलैत हवा दमट होते. फूटभर रुंदीची सागाची फळी या फेऱ्यात दोन-तीन मिलिमीटर आक्रसते किंवा फुगते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. जाणता सुतार म्हणूनच पाठीची फळी सरस लावून जखडत नाही. चौकटीच्या खाचेत ती सैल बसवतो. चौकट पक्की हवी. एका पट्टीला कुसू, दुसरीला तिच्या मापाचं भोक. कुसवाची जाडी पट्टीच्या साधारण एक तृतीयांश. पटाशीनं भोक दोन्ही अंगांनी अर्धं-अर्धं कोरायचं, म्हणजे कडा फुटत नाहीत. जोड हातानं दाबून अर्धा शिरावा, उरलेला मोगरीच्या ठोक्यांनी बसावा. मग गुण्या लावायचा आणि दोन्ही कर्ण मापायचे. ते सारखे भरले तरच काचेचं दार पुढे कुरकुरणार नाही.

खरी खबरदारी पुढेच आहे. लाकूड मंद गतीनं आंबट वाफ सोडतं. सागातून ती ओकपेक्षा कमी निघते. प्लायवूड आणि एमडीएफ बंद पेटीसाठी टाळलेले बरे. ही वाफ शिशाला पांढरी बुरशी आल्यासारखं खाते, आणि सातवाहनांची पुष्कळ नाणी शिशाचीच आहेत. शंख-शिंपल्यांवरही तोच पांढरा थर चढतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाइन या इंग्रज संग्राहकानं त्याचं खापर जंतूंवर फोडलं. दोष पेटीच्या लाकडाचा, हे नंतर उमगलं. १९७३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी याची कसोटीच बसवली. आता तिच्या रूढ पद्धतीत पेटीच्या सामानाचा तुकडा चांदी, तांबं आणि शिशाच्या पट्ट्यांसह बंद बरणीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवतात आणि पट्ट्या काळवंडतात किंवा गंजतात का ते पाहतात.

घरी एवढं शक्य नसलं तरी त्यातून शिकता येतं. पॉलिश बाहेरूनच करावं. खणांना आतून ॲल्युमिनियमचा कागद लावून वर धुतलेलं पांढरं सुती कापड ताणावं. लोकरी बनात आणि रबर नकोच. त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. तयार कपाट महिनाभर उघडं ठेवून वास जाऊ द्यावा आणि मगच भरावं. धातूला कोरडी हवा मानवते, हस्तिदंती फणी मात्र फार कोरड्या हवेत तडकते. दोघांना वेगळे खण. नाण्यांचा खण दोन इंच खोल पुरे, म्हणजे अक्षरं काचेतून वाचता येतात. पश्चिमेचं ऊन येणारी भिंत टाळावी. शिवराई चिंचेनं घासू नये. चकाकीबरोबर अक्षरंही जातात.

या कामाचे सगळे कारागीर पारोळ्यातच आहेत. सुतार आहे, काचवाला आहे, लाकूड तर आपल्याच पडत्या घरात आहे. घर पाडायचं ठरलं की एक तुळई बाजूला काढून ठेवावी. आणि कपाटात पहिली वस्तू ठेवाल त्याच दिवशी वहीत लिहावं: ही कोणाच्या घरातली, कोणी दिली, कशासाठी वापरायचे. एवढं लिहिलं नाही, तर नातवंडांच्या लेखी ती नुसती धातूची चकती राहील आणि कपाटातूनही मोडीतच जाईल.