पाण्याच्याच जोरावर चालणारा व्हॉल्व्ह

अकोले तालुक्यातील राजूरसारख्या डोंगरउताराच्या भागात शेतापेक्षा ५० मीटर उंचावरील टाकीतून नळ खाली आणला, तर साचलेल्या पाण्याचा दाब तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलो होतो, आणि त्या दाबाविरुद्ध २५ मिलिमीटर व्यासाचे तोंड थेट उघडण्यास जवळपास २५ किलोंचा जोर लागतो. ठिबक सिंचनाच्या स्वयंचलित व्हॉल्व्हमधील छोट्या विद्युतचुंबकाला तो झेपणारा नसल्याने हे काम पाण्याकडूनच करून घेतले जाते.

अशा व्हॉल्व्हमध्ये तोंडावर रबरी पडदा असतो आणि त्यातील बारीक छिद्रातून पाणी वरच्या कप्प्यात शिरते. दाब दोन्हीकडे सारखाच असला, तरी वरचे क्षेत्रफळ मोठे असल्याने पडदा घट्ट बसून राहतो. विद्युतचुंबक फक्त दीड मिलिमीटरची पायलट वाट, म्हणजे मुख्य वाटेला हुकूम देणारी उपवाट, उघडतो, ज्यासाठी शंभर ग्रॅमहून कमी जोर पुरतो. वरचा कप्पा रिकामा होऊ लागताच खालचे पाणी पडदा उचलते. ही युक्ती खरोखर विलक्षण आहे. वॉशिंग मशीनमध्ये, तसेच तेलशुद्धीकरण कारखान्यांतील सुरक्षा व्हॉल्व्हमध्येही हेच तत्त्व वापरतात.

मात्र पुरेसा दाब नसेल, तर पडदा नीट उचलला जात नाही, आणि गाळाने पडद्याचे छिद्र बुजले, तर व्हॉल्व्ह बंदच होत नाही. म्हणून शेतकऱ्यांनी फिल्टर नियमित धुवावा.